माज कधी सुरू झाला? गाय-म्हैस वेळेवर भरवण्यासाठी इस्ट्रोजेन आणि पियुषिकेचं गणित

गाय माजावर आलेली आपल्याला दिसते ती इस्ट्रोजेन या एका संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे). हंबरणं, दुसरीच्या अंगावर उड्या मारणं, निरण (योनीचं तोंड) सुजणं, शेपटीला चिकटलेला पारदर्शक बळस (योनीतला चिकट स्राव), हे सगळं त्याचंच काम. पण त्याचं खरं मोठं काम डोक्यात चाललेलं असतं. मेंदूच्या बुडाशी पियुषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. बीज पक्कं झालंय, आता सोडायचं, हा निरोप तिला हेच इस्ट्रोजेन त्याच तासांत पोचवतं. म्हणजे बाहेरचा माज आणि आतली घटना जवळपास एकाच वेळी सुरू होतात. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की भरवायची, म्हणजे रेतन करायची, वेळ अंदाजाने ठरवावी लागत नाही, ती मोजता येते.

आपल्याकडे, विशेषतः कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत, घरातली सगळी माणसं वावरात असतात. गोठ्यातली गाय सकाळी हंबरली तर संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि डॉक्टरांना फोन जातो तिसऱ्या दिवशी. तोवर बीज सुटून मरूनही गेलेलं असतं. मग एकवीस दिवस थांबा. असे तीन-चार माज हुकले की गाय भाकड राहते, ढेपीचा खर्च चालूच राहतो, आणि शेवटी दोष गाईला लागतो. माझ्या पाहण्यातल्या "फळत नाही" म्हणून बाजाराच्या वाटेला लागलेल्या कितीतरी गाईंच्या पोटात काहीच बिघाड नव्हता. त्यांना वेळेवर कुणी भरवलंच नव्हतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी आतली साखळी समजून घ्या

हा भाग थोडा लांब आहे, पण पुढची प्रत्येक पायरी यावरच उभी आहे.

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथून जीएनआरएच नावाचं संप्रेरक थेंबाथेंबाने, ठरावीक अंतराने सुटतं आणि बारीक रक्तवाहिन्यांतून थेट खाली पियुषिकेत उतरतं. पियुषिका त्यावर दोन संप्रेरकं रक्तात सोडते: एफएसएच आणि एलएच. एफएसएच बीजांडकोषावरची पुटकं, म्हणजे बीज असलेले पाण्याचे फोड, वाढवतं. एलएच पक्कं झालेलं पुटक फोडून बीज बाहेर काढतं. वाढणारं पुटक इस्ट्रोजेन तयार करतं, ते रक्तातून परत मेंदूकडे आणि पियुषिकेकडे जातं, आणि साखळी पूर्ण होते.

आता गंमत अशी, की हेच इस्ट्रोजेन पियुषिकेला दोन अगदी उलट हुकूम देतं. रक्तात ते थोडं असतं तेव्हा पियुषिकेला आवरून धरतं. त्यात बीज सुटल्यानंतर बीजांडकोषावर तयार होणाऱ्या पीतपिंडाचं प्रोजेस्टेरॉन जोडीला आलं, की आवर आणखी घट्ट होतो. त्या काळात एलएच तीन-चार तासांतून एखाद्या वेळी थोडंसं सुटतं. पुटकं वाढतात, जिरतात, पुन्हा नवी येतात. एका एकवीस दिवसांच्या चक्रात अशा दोन किंवा तीन लाटा येऊन जातात आणि बाहेर आपल्याला काहीही दिसत नाही.

साधारण सोळाव्या-सतराव्या दिवशी पोटात गर्भ नसेल, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं आणि पीतपिंड विरघळतो. प्रोजेस्टेरॉन उतरतं. एलएचचे थेंब आता तासाला एक या वेगाने येऊ लागतात. सगळ्यात मोठं पुटक जोमाने वाढतं आणि इस्ट्रोजेन चढत जातं. ते एका पातळीच्या वर गेलं आणि काही तास तिथेच टिकलं, की हुकूम उलटतो. आतापर्यंत आवरणारं इस्ट्रोजेन आता ढकलू लागतं. मेंदूत किसपेप्टिन सोडणाऱ्या पेशी त्याने चेततात आणि त्या जीएनआरएचचा लोंढा सोडवतात. दुसरीकडे हेच इस्ट्रोजेन पियुषिकेच्या पेशींवर जीएनआरएच ओळखणाऱ्या जागा वाढवून ठेवतं, म्हणजे तेवढ्याच निरोपाला ती कितीतरी पट जोरात उत्तर देते. साठवून ठेवलेलं एलएच एकदम बाहेर पडतं. हा एलएचचा लोंढा आठ-दहा तास चालतो, आणि गाय माजाला उभी राहते त्याच सुमारास तो सुरू होतो. तिथून साधारण २४ ते ३२ तासांनी बीज सुटतं.

एफएसएचच्या बाबतीत मात्र इस्ट्रोजेन आवरतच राहतं. मोठं पुटक इस्ट्रोजेन आणि त्यातूनच सुटणारं इनहिबिन या दोघांच्या जोरावर एफएसएच खाली आणतं, त्यामुळे बाकीची लहान पुटकं उपाशी राहून जिरतात. मोठ्याला मात्र तोवर एलएचवर जगता येऊ लागलेलं असतं. गाय एका वेताला बहुधा एकच वासरू देते, त्यामागे हेच आहे.

आणि हे सगळं किती इस्ट्रोजेनवर चालतं? पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. ऐन माजाच्या गाईच्या एक मिलिलिटर रक्तात असे जेमतेम दहाच्या आसपास पिकोग्रॅम इस्ट्रोजेन असतं. मला आजही हे विलक्षण वाटतं. एवढं कमी मोजता यायला रेडिओइम्युनोअसे हे तंत्र लागलं, ज्यासाठी रोझलिन यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिल्मँ यांनाही ते मिळालं. शॅलींनी डुकरांच्या आणि गिल्मँ यांनी मेंढ्यांच्या मेंदूचे भाग अफाट संख्येने गोळा करून मेंदूतली संप्रेरकं शोधली, त्यात जीएनआरएचही होतं. डॉक्टर गाईला जे बुसेरेलिनचं इंजेक्शन देतात, ते याच जीएनआरएचचं सुधारलेलं रूप.

पहिली पायरी: गोठ्याच्या भिंतीवर तारखा

मोबाईलमध्ये नको, भिंतीवर. कॅलेंडर टांगा आणि सोबत दोरीला पेन बांधून ठेवा. घरातला जो कुणी माज पाहील त्याने तिथल्या तिथे लिहायचं: गाईचं नाव, तारीख, आणि वेळ. वेळ नसेल तर नोंद अर्धीच आहे. व्यायल्याची तारीखही लिहा, कारण गाय व्याल्यापासून सुमारे साठ दिवस गर्भाशयाला सावरायला द्यावेत. त्याआधी आलेले माज भरवायचे नाहीत, पण लिहायचे नक्की.

दोन माजांत १८ ते २४ दिवसांचं अंतर असेल तर साखळी नीट चालू आहे. दहा-बारा दिवसांतच पुन्हा माज, किंवा एकदम चाळीस-बेचाळीस दिवसांनी, असं दिसलं तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. चाळीस-बेचाळीसचा अर्थ बहुतेक वेळा मधला एक माज आपल्या नजरेतून सुटला, एवढाच असतो.

व्याल्यानंतरचा पहिला माज बहुधा मुका असतो, त्यामागेही कारण आहे. गाईचं डोकं इस्ट्रोजेनला माजाची वागणूक दाखवून उत्तर द्यायला तयार व्हायचं, तर त्याआधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेलं असावं लागतं. व्याल्यानंतरच्या पहिल्या चक्राआधी पीतपिंडच नसतो. म्हणून बीज सुटतं, पण गाय गप्प राहते.

दुसरी पायरी: दिवसातून दोनदा वीस मिनिटं नुसतं बघणं

दूध काढताना, शेण भरताना बघणं वेगळं. त्या वेळी गाईचं लक्ष आपल्याकडे आणि चाऱ्याकडे असतं. पहाटे उजाडायच्या आधी आणि रात्री जेवणं झाल्यावर, जनावरं शांत असताना, हातात काम न घेता उभं राहा. गवळाऊसारख्या देशी गाईंचा माज आखूड असतो, कित्येकदा दहा-बारा तासांत उरकतो, आणि बहुधा रात्रीच्या वेळी येतो. संकरित गाईंचा बारा ते अठरा तासांचा धरा. जास्त दुधाच्या गाईचा माज मात्र आखूड होतो, कारण ती जास्त खाते, यकृतातून रक्त जास्त वाहतं, आणि यकृत इस्ट्रोजेन लवकर मोडून टाकतं.

सुरुवातीला गाय अस्वस्थ होते, चारा कमी खाते, दूध चोरते, दुसऱ्या गाईंच्या मागे हुंगत फिरते, त्यांच्यावर चढते. पण तिच्यावर दुसरी चढली तर पळते. अजून वेळ आहे. नंतर ती दुसरीला अंगावर चढू देते आणि हलत नाही. हाच खरा माज. इस्ट्रोजेन शिगेला आहे, पियुषिकेतून एलएच सुटू लागलंय, आणि घड्याळ इथून लावायचं. दावणीला बांधलेली एकटीच गाय असेल तर चढणं-उभं राहणं दिसणार नाही. मग बळसावर भिस्त.

बळस बघायची पद्धत सांगतो. सकाळी गाय बसलेली असते त्या जागेवर, निरणाखाली जमिनीवर पडलेला थेंब बघा, आणि शेपटीच्या आतल्या बाजूला हात लावा. हात स्वच्छ धुऊन बळस अंगठा आणि तर्जनीत धरा व बोटं हळूहळू लांब करा. माजाच्या सुरुवातीला तो पातळ, पाण्यासारखा असतो आणि लगेच तुटतो. ऐन माजात तो पारदर्शक असतो आणि न तुटता दोरीसारखा लांब लोंबतो, निरणापासून थेट घोट्यापर्यंत. माज उतरताना घट्ट आणि थोडा दुधाळ होतो. शेपटीला वाळून पापुद्रे धरलेले असतील तर माज काही तासांपूर्वीचा आहे. बळसात पांढरे-पिवळे पूचे ठिपके असतील, वास येत असेल, तर गर्भाशयाला सूज आहे. त्या माजाला भरवू नका, आधी उपचार करा.

म्हशीचं निराळं. आपली नागपुरी असो की पूर्णाथडी, म्हशी एकमेकींवर फारशा चढत नाहीत. वारंवार थोडं थोडं लघवी करणं, हंबरणं, शेपटी वर उचलून धरणं, कास ताठ होणं, दूध चोरणं, एवढीच लक्षणं. बळसही गाईसारखा लोंबत नाही, बसलेल्या जागी जमिनीवर पडतो. नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ फिरवणारी काही गावं आहेत. म्हशीचा माज ओळखायला यापेक्षा खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही.

तिसरी पायरी: मोजा आणि फोन करा

आर्वीकडच्या एका गावात एक म्हातारी माय सकाळी आठला मला म्हणाली, "साहेब, राती जेवल्यापासून हंबरत होती जी. आता तर गप बसली. आता भरून काय फायदा?"

मी विचारलं, "माय, जेवण किती वाजता झालं?"

"नऊ वाजले असतील."

नऊपासून मोजू. बीज सुटायला माजाच्या सुरुवातीपासून साधारण अठ्ठावीस तास, म्हणजे आज मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास. रेत पिशवीत (गर्भाशयात) गेल्यावर शुक्रजंतूंना फळवण्याची ताकद यायला सहा-आठ तास लागतात, आणि तिथे ते साधारण चोवीस तास तग धरतात. सुटलेलं बीज मात्र सहा ते बाराच तास कामाचं असतं. म्हणजे शुक्रजंतूंनी आधीच जाऊन वाट बघत असायला हवं. सुरुवातीपासून बारा ते अठरा तासांत रेतन व्हावं, म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या आत. गाय गप्प बसली म्हणजे वेळ गेली असं नाही, उलट हीच नेमकी वेळ होती. माजाची वागणूक उतरल्यानंतरच, दहा-बारा तासांनी, बीज सुटतं.

सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जो नियम सगळीकडे सांगतात तो अमेरिकेत नेब्रास्कात ट्रिम्बर्गर यांच्या कामातून आला, आणि १९४८ पासून टिकून आहे. माज नेमका कधी सुरू झाला हे कळत नसेल तेव्हा हा नियम चांगला. कळत असेल तेव्हा तास मोजणं अधिक चांगलं.

म्हशीत बीज थोडं उशिरा सुटतं. तिथे बारा ते चोवीस तास धरा, आणि दुसऱ्या दिवशीही लक्षणं चालू असतील तर पुन्हा एकदा भरवून घ्या.

फोन मात्र माज दिसल्या दिसल्या करा. डॉक्टरांना चार गावं फिरायची असतात, वेळ आधी कळली तर ते फेरी तशी लावतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

रेतनाच्या दिवशी

गाय सावलीत बांधा, पाणी पाजा, मारझोड नको. घाबरलेल्या, उन्हात पळवलेल्या जनावरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं, आणि कॉर्टिसॉल पियुषिकेच्या एलएचच्या लोंढ्याला आडवं येतं. म्हणून भर दुपारी गाय तीन-चार किलोमीटर चालवत दवाखान्यात नेण्यापेक्षा पहाटे न्या, नाहीतर डॉक्टरांना घरी बोलवा.

रेताची कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असते. ती काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात सुमारे तीस सेकंद ठेवावी लागते. कोमट पाणी आणि थर्मामीटर तयार ठेवा, आणि कांडी हातावर चोळून वितळवू देऊ नका. कांडीवरचा वळूचा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्या. पुढे त्याच वळूच्या मुलीला त्याचंच रेत भरलं जाऊ नये, म्हणून.

रेतनाच्या वेळीच जीएनआरएचचं इंजेक्शन द्यावं का, हा प्रश्न बरेचजण विचारतात. माज नियमित आहे, बळस स्वच्छ आहे, तरी तीन वेळा भरवूनही गाय उलटते आहे, म्हणजे पुन्हा माजावर येते आहे, आणि डॉक्टरांना बीज उशिरा सुटत असल्याची शंका आहे, अशा वेळी त्याचा उपयोग होतो. पियुषिकेला वेळेवर एक जोराचा धक्का मिळतो. पहिल्याच माजाला धडधाकट गाईला ते देण्याची गरज नसते.

रेतनानंतर दोन-तीन दिवसांनी शेपटीला थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. चढलेलं इस्ट्रोजेन एकदम उतरल्यामुळे ते येतं, कालवडींत जास्त. गाय फळली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पण माज न दिसता नुसतं रक्तच दिसलं, तर माज दोन दिवसांपूर्वी होऊन गेला, आणि पुढचा सुमारे अठरा-एकोणीस दिवसांनी. ही तारीख आजच भिंतीवर लिहा.

अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत रोज पहाटे-रात्री लक्ष ठेवा. माज नाही आला म्हणून गाभण धरून बसू नका. दोन-तीन महिन्यांत डॉक्टरांकडून हात घालून तपासणी करून घ्या. सोनोग्राफीची सोय असेल तर तीस दिवसांतच कळतं.

आणखी एक. काही गाभण गाईही माज दाखवतात. गर्भारपणातही पुटकं वाढतात, इस्ट्रोजेन तयार होतं. आधी रेतन झालेल्या गाईने दोन-तीन महिन्यांनी माज दाखवला, तर भरवायच्या आधी तपासणी कराच. गाभण पिशवीत नळी गेली तर गर्भ पडू शकतो.

माज येतच नसेल तर: साखळी कुठे तुटली ते शोधा

इथे माझं मत स्पष्ट आहे. गाय माजावर येत नाही म्हटलं की लगेच इंजेक्शन मागू नका. साखळीत तुटलेली कडी कोणती, हे कळल्याशिवाय दिलेलं इंजेक्शन पैसे वाया घालवतं, आणि कधी नुकसानही करतं.

आधी गाभण तपासणी. ती निगेटिव्ह आली तर डॉक्टर बीजांडकोष चाचपतील. पीतपिंड आहे, म्हणजे गाय चक्रात आहे आणि माज आपल्याला दिसत नाहीये. तेव्हा नजर सुधारायची, किंवा प्रोस्टाग्लँडिनने पीतपिंड विरघळवून माज ठरावीक दिवसांत आणायचा. बीजांडकोष लहान, गुळगुळीत, त्यांवर काहीच नाही, म्हणजे पुटक मोठं होत नाहीये आणि इस्ट्रोजेन चढत नाहीये. आपल्याकडे उन्हाळ्यात बहुतेक भाकड जनावरं या दुसऱ्या गटात सापडतात.

याचं पहिलं कारण पोट. नुसतं तणस किंवा तुरीचं कुटार खाऊन जगणाऱ्या गाईच्या डोक्याला कळतं की अंगात शिल्लक नाही. जीएनआरएचचे थेंब विरळ होतात, एलएच कमी पडतं, पुटक पक्कं होण्याआधीच जिरतं. थोडंसं जे इस्ट्रोजेन तयार होतं ते आवरण्याच्या पातळीवरच राहतं, ढकलण्याच्या पातळीला पोचतच नाही. इथे जीएनआरएचचं इंजेक्शन देऊन पियुषिका हलवली तरी फोडायला पक्कं पुटकच नसतं. बरगड्या मोजता येत असतील तर आधी महिनाभर खुराक: रोज हिरवा चारा, ढेपीसोबत दाणा म्हणून मका किंवा ज्वारीचा भरडा, आणि मोठ्या जनावराला रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण. चारा एकदम बदलू नका, आठवडाभरात हळूहळू वाढवा.

दुसरं कारण, गाईला सतत लुचणारं वासरू. देशी गाईत हे फार. वासरू लुचत राहिलं की गाईच्या मेंदूची इस्ट्रोजेनला दबण्याची सवय वाढते. अगदी थोड्या इस्ट्रोजेननेही एलएच आवरलं जातं आणि चक्र सुरूच होत नाही. वासरू तोडू नका. दोन-अडीच महिन्यांचं झाल्यावर सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळीच त्याला लुचू द्या, आणि मधल्या वेळात गाईला ते दिसणार नाही असं बांधा. त्याला हिरवा कोवळा चारा आणि थोडा भरडा सुरू करा, म्हणजे त्याचंही नुकसान होत नाही.

कालवडीचंही असंच आहे. वयात येण्याआधी तिच्या मेंदूवर इस्ट्रोजेनचा आवर फार कडक असतो. वजन वाढत जातं तसा तो सैल पडतो आणि पहिला माज येतो. म्हणून वय मोजण्यापेक्षा वजन बघा: पूर्ण वाढलेल्या गाईच्या साठ ते पासष्ट टक्के झाल्यावर भरवायचं. काटा नसला तरी टेप असते. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर साठ आणि लांबी अठ्ठेचाळीस आली तर कालवड सुमारे २६२ किलोची आहे. संकरित कालवडीला एवढं वजन पुरतं.

तिसरं कारण आपलं ऊन. अकोला, नागपूर, चंद्रपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. काळ्या कातडीची, कमी घामाची म्हैस त्यात होरपळते. पुटकातलं इस्ट्रोजेन कमी पडतं, पियुषिकेतून प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक मात्र चढतं, आणि माज आला तरी मुका येतो. म्हशी मुळातच दिवस लहान होऊ लागले की चांगल्या माजावर येतात, सप्टेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा हंगाम. उन्हाळ्यात दुपारी डबक्यात बसू द्या. डबकं नसेल तर अंगावर दोन-तीनदा पाणी मारा, छपरावर तुराट्या-पऱ्हाट्या टाका, आणि वैरण रात्री व पहाटे घाला. उन्हाळ्यात म्हशीचा माज बघायचा तो रात्रीच.

सतत माजावर असलेली गाय

याच्या उलटही होतं. गाय दर चार-सहा दिवसांनी माजावर, वळूसारखी डुरकते, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. इथे इस्ट्रोजेन भरपूर आहे, पण मेंदू त्याला एलएचच्या लोंढ्याने उत्तर देत नाही. पुटक फुटत नाही, वाढतच राहतं आणि गळू होऊन बसतं. अशा गाईला पुन्हा पुन्हा भरवण्यात काहीच अर्थ नाही. डॉक्टर जीएनआरएच देऊन पियुषिकेकडून हवा तो लोंढा करून घेतात. गळूच्या भिंतीचं पीतपिंडासारखं रूपांतर होतं, आणि पुढे साधारण आठवड्याभराने प्रोस्टाग्लँडिन दिलं की गाय नेहमीच्या माजावर येते.

ठरवून रेतन आणि इंजेक्शनांची काळजी

चार-सहा गाई एकाच दिवशी भरवायच्या असतील, किंवा माज बघायला घरी माणूसच नसेल, तर ओव्हसिंच ही पद्धत आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये पर्सली, मी (Mee, हे आडनाव) आणि विल्टबँक या संशोधकांनी ती १९९५ मध्ये मांडली. पहिल्या दिवशी जीएनआरएच, तिथून सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, आणि तिथून सोळा ते वीस तासांनी माज न बघता रेतन. इस्ट्रोजेनने जो निरोप पियुषिकेला द्यायचा तो इथे आपण सुईने देतो. म्हणूनच वेळ चुकवून चालत नाही. दुसरं जीएनआरएच संध्याकाळी पाचला दिलं असेल तर रेतन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान. ज्या गाईचे बीजांडकोष थंड, म्हणजे वर सांगितल्यासारखे लहान-गुळगुळीत आहेत तिला नुसत्या ओव्हसिंचचा फायदा कमी. तिच्यासाठी डॉक्टर सात दिवस योनीत प्रोजेस्टेरॉनचं साधन बसवतात, त्याने मेंदू पुढच्या इस्ट्रोजेनला उत्तर द्यायला तयार होतो.

प्रोस्टाग्लँडिनबाबत दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांना सांगा. गाभण गाईला ते चुकून दिलं तर गर्भ पडतो, म्हणून तपासणी न करता ते देऊच नये. आणि ते माणसाच्या कातडीतून शरीरात शिरतं. गरोदर बाईने आणि दम्याच्या रुग्णाने त्या बाटलीला, सिरिंजला हात लावायचा नाही. सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा.

इस्ट्रोजेनचंच इंजेक्शन देऊन माज "आणून देतो" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. गाय माज दाखवेल, कारण वागणूक इस्ट्रोजेनवरच चालते. पण आत पक्कं पुटक नसेल तर बीज सुटणार नाही, रेत वाया जाईल, आणि बीजांडकोषावर गळू होण्याचा धोका वाढेल. युरोपीय संघात खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना इस्ट्राडायोल द्यायला बंदी आहे.

चाऱ्यातूनही इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं पोटात जातात. ओल लागलेल्या मक्यावर फ्युझेरियम बुरशी आली की ती झिअरॅलेनोन तयार करते. ते इस्ट्रोजेनच्याच जागी जाऊन बसतं. कालवडींचं निरण माज नसताना सुजलेलं, कास अवेळी भरलेली, गाई अनियमित, असं एकाच गोठ्यात दोन-तीन जनावरांत दिसलं तर आधी मक्याचं पोतं उघडून बघा. गुलाबी किंवा पांढरी बुरशी, कोंदट वास, गाठी दिसल्या तर तो मका गाईला नको, कोंबड्यांनाही नको. पावसाळ्यात पोती जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा, आणि मका पूर्ण वाळल्याशिवाय भरू नका.